जोर आणि फिरकी : मोबाइलवरच्या स्नूकरात खरे किती?

मंडळी, काही दिवसांपूर्वी एका खेड्यातल्या शिक्षकांशी बोलणे झाले. ते म्हणाले, "आमच्या शाळेतला नववीतला एक मुलगा मोबाइलवर स्नूकर खेळतो. खरे टेबल त्याने जन्मात पाहिलेले नाही. पण चेंडू असा वळवतो, असा मागे आणतो, की बघत राहावं. आता तो वडिलांच्या मागे लागलाय, खेळातली भारी काठी घ्यायला पैसे द्या म्हणून. त्या काठीनं म्हणे जोर जास्त लागतो आणि फिरकीही जास्त मिळते. वडील शेतकरी. त्यांनी मला विचारलं, गुरुजी, हे काही शिक्षण आहे, की नुसता खेळखंडोबा? मला काही उत्तर देता आलं नाही."

हा प्रश्न माझा पिच्छा सोडीना. कारण तो काही एका मुलाचा प्रश्न नाही. आज गावोगाव मुलांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर कॅरम आहे, क्रिकेट आहे, स्नूकरही आहे. मुले ते खेळणारच. तेव्हा पडद्यावरच्या खेळात निसर्गाचे नियम कुठे पाळलेले असतात आणि कुठे मोडलेले असतात, हे ओळखता आले तर त्याच खेळातून मुलगा चार गोष्टी शिकेल. ओळखता आले नाही, तर खोटे तेच खरे समजून बसेल. म्हणून आज आपण दोनच गोष्टींचा विचार करू. एक, फटक्याचा जोर. आणि दुसरी, चेंडूची फिरकी.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. स्नूकरचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. नेमके सांगायचे तर चेंडू ज्या जागेत फिरतात ती जागा ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद असते. खाली दगडी पाटी आणि तिच्यावर ताणून बसवलेले हिरवे लोकरी कापड. काठाला आतून रबर लावलेले असते, त्याला कुशन म्हणतात. चार कोपऱ्यांना चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, असे सहा खिसे. चेंडू एकंदर बावीस : पंधरा लाल, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा. प्रत्येकाचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर, म्हणजे चांगल्या मोठ्या लिंबाएवढा. खेळाडूने काठीने मारायचे ते फक्त पांढऱ्या चेंडूला. तो पांढरा जाऊन दुसऱ्याला धडकतो आणि दुसरा खिशात पडतो.

हा खेळ आपल्याच देशात जन्मला, बरं का! १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून तो सुरू केला, असे मानले जाते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे. नंतर उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम पक्के झाले.

नियम असा, की आधी एक लाल चेंडू खिशात घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. म्हणजे लाल चेंडू पडला तेव्हा पांढरा कुठे जाऊन थांबला, यावर पुढचा फटका अवलंबून. चेंडू खिशात घालणे हे अर्धे काम. पांढऱ्याला पुढच्या फटक्यासाठी सोयीच्या जागी नेऊन उभा करणे, हे उरलेले अर्धे. आणि हे दुसरे अर्धे काम संपूर्णपणे जोर आणि फिरकी या दोघांच्या हातात असते.

आता फिरकी म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी स्नूकरच्या टेबलाची गरज नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी सायकलचा जुना टायर रस्त्यावर पळवला असेल. त्यातली एक गंमत आठवते का? टायर पुढे फेकायचा, पण हातातून सुटता सुटता त्याला मागच्या बाजूला पीळ द्यायचा. टायर पुढे जातो, क्षणभर थबकतो आणि आज्ञाधारक वासरासारखा परत आपल्याकडे येतो. हातातल्या बांगडीनेही हे घरातल्या घरात करता येते.

असे का होते? सुटला तेव्हा टायरला दोन गती होत्या. सगळा टायर पुढे जात होता आणि त्याच वेळी स्वतःभोवती उलटा फिरत होता. त्यामुळे त्याचा जमिनीला टेकलेला भाग जमिनीवर घासत गेला. जमीन त्याला मागे ओढत राहिली. या ओढीने पुढची गती हळूहळू सरली. उलटे फिरणे मात्र अजून शिल्लक होते. त्या शिल्लक फिरकीने टायरने जमीन पकडली आणि तो मागे वळला. हाच टायर तेल सांडलेल्या गुळगुळीत फरशीवर फेकून पाहा. तो घसरत लांबच जाईल, लवकर परत यायचा नाही. म्हणजे टायरला परत आणणारा हात तुमचा नव्हे, जमिनीचा. तुम्ही फक्त फिरकी दिली. ती वटवली घर्षणाने.

स्नूकरच्या पांढऱ्या चेंडूचे अगदी असेच आहे. मध्याच्या खाली मारले की त्याला उलटी फिरकी मिळते. खेळाडू तिला स्क्रू म्हणतात. मध्याच्या वर मारले की पुढची फिरकी मिळते. डावीकडे किंवा उजवीकडे मारले की बाजूची. आणि बरोबर मध्यावर मारले तर? तर सुरुवातीला कोणतीच फिरकी नसते. चेंडू गडगडत नाही, नुसता घसरतो. बैलगाडी उतारावरून जाताना चाक अडवले की ते जसे फिरत नाही, फरफटत जाते, तसा.

पण हे फार वेळ टिकत नाही. खालचे कापड घासते, चेंडूला पुढे फिरायला लावते आणि त्याच वेळी त्याचा वेग कमी करते. शेवटी एक क्षण असा येतो की घसरणे संपते आणि गडगडणे सुरू होते. गणिताने असे सिद्ध होते, की मध्यावर मारलेला चेंडू गडगडू लागतो तेव्हा त्याचा वेग मूळ वेगाच्या पाच-सप्तमांश उरलेला असतो. सात होता, तो पाच झाला. कापड जुने असो की नवे, हे प्रमाण बदलत नाही. कापडावर अवलंबून असते ते एवढेच, की हा बदल किती अंतरात होईल.

ते अंतरही काढता येते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला, तर सेकंदाला एक मीटर वेगाने निघालेला चेंडू सुमारे बारा सेंटिमीटर घसरतो आणि मग गडगडू लागतो. सेकंदाला दोन मीटर वेग असेल तर सुमारे अर्धा मीटर घसरतो. चार मीटर वेग असेल तर जवळजवळ दोन मीटर. पाहा हं, वेग दुप्पट झाला की घसरण दुप्पट होत नाही, चौपट होते. हे आकडे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आता धडकेकडे वळू. शिक्षकमंडळींनी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. कॅरमच्या दोन सारख्या सोंगट्या घ्या. एक पाटावर ठेवा आणि दुसरी सरळ तिच्यावर सरकवा. धडक नेमकी समोरून बसली तर पहिली सोंगटी जागच्या जागी थांबते आणि दुसरी निघून जाते. आता दोन सारख्या गोट्या घ्या. जमिनीवर एक घोंगडी सुरकुती न पडेल अशी पसरा आणि एक गोटी गडगडत नेऊन दुसरीवर समोरून आदळू द्या. मारणारी गोटी क्षणभर थबकेल, पण थांबणार नाही. थोडी पुढे जाईलच. मुलांना विचारा, फरक का पडला?

उत्तर सोपे आहे. सोंगटी घसरत आली होती. तिने आपली सगळी गती समोरच्या सोंगटीला देऊन टाकली, हात रिकामे झाले. गोटी मात्र गडगडत आली होती. पुढे जाण्याची गती तिने देऊन टाकली, पण स्वतःभोवती फिरणे देता आले नाही. ते तिच्याजवळच राहिले. त्या फिरण्याने घोंगडी पकडली आणि गोटी पुढे सरकली.

स्नूकरमध्ये तिन्ही गोष्टी घडतात. लाल चेंडूला समोरून धडकताना पांढऱ्याजवळ कोणतीच फिरकी नसेल, तर तो तिथेच खिळतो. पुढची फिरकी असेल, तर लालच्या मागोमाग जातो. उलटी असेल, तर परत येतो. आणि इथेच सगळ्या विषयाची किल्ली आहे. महत्त्वाची आहे ती धडकेच्या क्षणी उरलेली फिरकी. काठी लागली त्या क्षणी दिलेली नव्हे.

फिरकी ही वाटेच्या शिदोरीसारखी असते. घरून निघताना चार भाकरी बांधून दिल्या. वाट जवळची असेल तर मुक्कामाला पोचताना दोन शिल्लक राहतील. वाट लांबची असेल तर मधेच संपतील. कापड वाटेत ती शिदोरी खात असते. लाल चेंडू हातभर अंतरावर असेल, तर थोड्या जोराने आणि थोड्या उलट्या फिरकीने पांढरा छान मागे येतो. तोच लाल टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असेल, तर तेवढ्या फटक्याने वाटेतच उलटी फिरकी संपते, चेंडू गडगडू लागतो आणि धडकेनंतर मागे येण्याऐवजी पुढे जातो. शिदोरी मुक्कामापर्यंत पुरवायची तर दोनच उपाय. एक, जास्त बांधून द्यायची, म्हणजे आणखी खाली मारायचे. दोन, लवकर पोचायचे, म्हणजे आणखी जोराने मारायचे. तेव्हा जोर वेगळा आणि फिरकी वेगळी असे नाहीच. दोन्ही एकाच फटक्यात जन्मतात आणि वाटेवरच्या घर्षणाने एकमेकांना बांधलेल्या असतात.

पुष्कळ मोबाइल खेळांत हे नाते तुटते. पडद्याच्या एका बाजूला जोराची पट्टी असते. ती बोटाने ओढायची. दुसऱ्या कोपऱ्यात पांढऱ्या चेंडूचे चित्र आणि त्यावर एक ठिपका असतो. तो सरकवून फिरकी ठरवायची. दोन वेगळ्या कळा पाहून मुलाला वाटते, की या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक थोडी घ्यावी, दुसरी भरपूर घ्यावी. चांगला खेळ असेल तर आतल्या गणितात त्या पुन्हा एकत्र येतात. उथळ खेळ असेल तर फिरकी वाटेत खर्चच होत नाही. चेंडू दहा फूट गेला तरी शिदोरी जशीच्या तशी, आणि धडक बसताच तो दोरीने ओढल्यासारखा मागे येतो. दिसायला फार छान दिसते! पण ते टेबल नव्हे, ती नजरबंदी झाली.

आता जोराकडे येऊ. जोर दुप्पट केला तर चेंडू किती लांब जाईल? मुले पटकन सांगतील, दुप्पट. एस.टी.च्या अनुभवी चालकाला विचारा. तो सांगेल, गाडीचा वेग दुप्पट असला तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, साहेब. चेंडूचेही तेच. कापड त्याला सारखे मागे धरत असते आणि निघतानाचा वेग दुप्पट केला की थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. म्हणून खऱ्या टेबलावर हळू फटका जमवणे अवघड जाते. हात जरासा जड पडला, की चेंडू ठरवलेल्या जागेपेक्षा कितीतरी पुढे निघून जातो.

शिवाय खऱ्या टेबलावर जोराला किंमत मोजावी लागते. जोराने मारायचे म्हणजे हात वेगाने जाणार, आणि हात वेगाने गेला की काठी सरळ राहणे कठीण होते. चेंडूची दिशा एका अंशाने चुकली असे समजा. एक अंश म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही. पण तीन मीटरवर ती चूक पाच सेंटिमीटरांहून थोडी जास्त होते, म्हणजे जवळजवळ एका चेंडूच्या रुंदीएवढी! मोबाइलवर मात्र पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी नेम तसाच राहतो. बोट शंभर वेळा शंभर टक्के जोर देते आणि शंभर वेळा दिशा अचूक. माझ्या मते पडद्यावरचा सर्वांत मोठा खोटेपणा हाच आहे. तो फिरकीत नाही, फुकट मिळणाऱ्या जोरात आहे.

आता तुम्ही म्हणाल, की संगणकाला हे सगळे जमत नाही का? जमते तर! चेंडूचे गणित फार जुने आहे. भूगोल शिकवणाऱ्यांना कोरिओलिस हे नाव ठाऊक असेल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात ते समजावताना आपण ते घेतो. त्याच फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या चेंडूंच्या गतीवर अख्खा ग्रंथ लिहिला. काठी मागून उचलून बाजूला मारले की चेंडू वाटेतच वळतो. घसरत असेपर्यंत त्याची वाट वक्र असते आणि गडगडू लागला की सरळ होते, हे त्याने गणिताने दाखवले. म्हणजे नियम हाताशी होते. १९९१ साली आर्चर मॅक्लीन या ब्रिटिश कारागिराने जिमी व्हाइट या खेळाडूच्या नावाने संगणकावरचा स्नूकर तयार केला. त्यात टेबलाभोवती फिरून कोणत्याही बाजूने पाहता येई आणि जोर व फिरकी खेळणाऱ्याने ठरवायची असे. त्या काळात लोकांना त्याचे मोठे नवल वाटले.

अडचण वेगळीच असते. पडद्यावरची हालचाल म्हणजे सिनेमासारखी एकामागून एक झरझर येणारी चित्रे. सेकंदाला साठ चित्रे धरू. जोरदार मारलेला चेंडू सेकंदाला पाच मीटर जातो असे समजा. मग दोन चित्रांच्या मधल्या काळात तो आठ सेंटिमीटरांहून जास्त पुढे गेलेला असतो, आणि चेंडूचा व्यास तर सव्वापाच सेंटिमीटर! एका चित्रात पांढरा चेंडू लालच्या अलीकडे असतो, तर पुढच्या चित्रात त्याच्या पोटात घुसलेला. स्पर्श अगदी बारीक असेल, तर न लागताच पलीकडे गेलेला. म्हणून नेटक्या खेळात संगणक चित्रांच्या भरवशावर राहत नाही. दोन चेंडू नेमके कोणत्या क्षणी टेकतील, ते समीकरण सोडवून आधी काढतो आणि त्या क्षणापासून पुढचे गणित करतो. आळशी खेळात हे काम अंदाजाने उरकतात. मग जोराचा फटका मारला की चेंडू कुठल्या कुठे जातात आणि मुलगा म्हणतो, माझा नेम चुकला. नेम त्याचा चुकलेला नसतो, हिशेब खेळाचा चुकलेला असतो.

ऑनलाइन खेळात आणखी एक पेच असतो. तुम्ही साताऱ्याला आणि तुमचा प्रतिस्पर्धी गुवाहाटीला. टेबल एकच, पण पडदे दोन. तुम्ही मारलेला फटका दोघांच्या पडद्यावर तंतोतंत सारखा दिसला पाहिजे. दोन यंत्रांनी आपापले गणित केले आणि दशांश चिन्हानंतर कुठेतरी बारीक फरक पडला, तर पहिल्या धडकेत तो दिसणार नाही. पण पंधरा लाल चेंडूंच्या थव्यात एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी धडक बसत गेली, की तो फरक वाढत जातो आणि शेवटी दोन पडद्यांवर दोन वेगळे डाव दिसू लागतात. म्हणून हिशेब एका ठिकाणी करून त्याचे उत्तर दोघांना धाडतात, किंवा दोन्ही यंत्रांवर आकडेमोड काटेकोरपणे सारखी होईल अशी व्यवस्था करतात.

खरे टेबल आणखी काही खोड्या करते. दोन चेंडू टेकतात तेव्हा तेही एकमेकांना घासतात आणि लाल चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित ओढला जातो. मोबाइलवर आखलेली नेमाची रेघ हे सहसा सांगत नाही. लोकरी कापडाला लव असते, आणि हळू जाणारा, बाजूची फिरकी असलेला चेंडू तिच्यामुळे जरासा सरकतो. काठीच्या टोकाला चामड्याची टोपी असते आणि तिला खडू लावतात, ती चेंडूवरून घसरू नये म्हणून. तरीही मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे सुमारे तेरा मिलिमीटरांपलीकडे मारले, की काठी निसटते आणि फटका वाया जातो. ज्या खेळात फिरकीचा ठिपका चेंडूच्या अगदी कडेपर्यंत नेता येतो आणि तरीही काठी निसटत नाही, तिथे फिरकीची खैरात चालली आहे असे समजावे.

आता शिक्षकांसाठी तीन चाचण्या सांगतो. खेळाच्या सरावाच्या भागात त्या सहज करता येतील.

पहिली चाचणी. लाल चेंडू पांढऱ्यासमोर हातभर अंतरावर असताना, ठिपका बरोबर मध्यावर ठेवून, मध्यम जोराने समोरून मारा. पांढरा जवळपास तिथेच थांबायला हवा. आता तेवढाच जोर, तोच ठिपका, पण लाल चेंडू टेबलाच्या दूरच्या टोकाला. या वेळी पांढरा थांबता कामा नये. वाटेत तो गडगडू लागला असणार, म्हणून धडकेनंतर पुढे गेला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच खिळून राहिला, तर त्या खेळात कापड फक्त रंगवलेले आहे, घासणारे नाही.

दुसरी चाचणी. लाल चेंडू दूर असताना पांढरा अगदी हळू गडगडत नेऊन समोरून धडकवा. काठाला न लागता दोघेही थांबले, तर धडकेच्या जागेपासून लाल चेंडू पांढऱ्याच्या पाच-सहा पट लांब गेला पाहिजे. गडगडणाऱ्या चेंडूची जी गती लालला मिळते आणि जी पांढऱ्याजवळ राहते, त्यांचे शेवटचे प्रमाण पाचास दोन असते. अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून पंचवीसास चार. धडकेत थोडी ऊर्जा वाया जाते, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमीच.

तिसरी चाचणी. नुसती बाजूची फिरकी देऊन पांढरा मोकळ्या टेबलावर सोडा. तो जवळजवळ सरळच जायला हवा. बाजूची फिरकी आपला रंग दाखवते ती कुशनला टेकल्यावर, परतीच्या वाटेवर. काठी आडवी असताना चेंडू वाटेतच पतंगासारखा झोक घेऊ लागला, तर ती करमणूक म्हणून ठीक आहे, शास्त्र म्हणून नव्हे.

या चाचण्या मुलांनाच करू द्या. अंतरे पडद्यावर पट्टी ठेवून मोजू द्या आणि वहीत लिहू द्या. मोबाइल हातात असूनही मुलगा तपासणारा झाला, नुसता खेळणारा राहिला नाही, तर त्या तासाचे सार्थक झाले म्हणायचे.

आणि आता त्या शेतकरी वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. भारी काठी घ्यावी का? मंडळी, खऱ्या काठीत जोर नसतो आणि फिरकीही नसते. काठी चांगली किंवा वाईट असू शकेल, पण जोर येतो हातातून आणि फिरकी येते चेंडूवर टोक कुठे टेकले त्यातून. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, आणि १९६४ साली पुन्हा झाले. एखाद्या खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतात. पुण्यातच १९८५ साली जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्हींत जागतिक विजेतेपदे मिळवली. यांच्यापैकी कोणालाही फिरकी दुकानात मिळाली नाही. ती रोज त्याच टेबलावर, तोच फटका पुन्हा पुन्हा मारून कमवावी लागली. जो खेळ पैसे घेऊन जास्त फिरकी देतो, तो मुलाला भौतिकशास्त्र चुकीचे शिकवतो हे तर झालेच. पण कष्टाची वस्तू विकत मिळते, हा त्याहून वाईट धडा त्याच्या गळी उतरवतो.

एक सावधगिरीही सांगतो. गंमत म्हणून काठी विकत घेणे वेगळे आणि जिंकून पैसे मिळतील या आशेने पैसे लावणे वेगळे. असे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला आहे. मुलगा यांपैकी कशात आहे, एवढे वडिलांनी प्रेमाने विचारून घ्यावे. रागावून विचारले, तर खरे उत्तर मिळायचे नाही.

म्हणून गुरुजी, त्या वडिलांना माझा निरोप सांगा. मोबाइल हिसकावून घेऊ नका आणि काठीसाठी पैसेही देऊ नका. मुलाला म्हणावे, तुझ्याजवळ आहे त्या साध्या काठीनेच या तीन चाचण्या करून दाखव आणि तुझा खेळ कुठे खरा बोलतो, कुठे थाप मारतो, ते मला समजावून सांग. नंतर दोघांनी मिळून अंगणात जुना टायर फेकून पाहावा. तो का परत येतो, हे त्या मुलाला वडिलांना सांगता आले, तर त्याच्या हाताला आज ना उद्या खऱ्या टेबलावरची काठीही ओळखीची वाटेल.